सोरायसिस: अंग स्वच्छ झाल्यावर इंजेक्शनांमधलं अंतर वाढवावं का?

लाल_चट्टा: सेक्युकिनुमॅब या सोरायसिसच्या इंजेक्शनाचा डोस ठरलेला आहे. 300 मिग्रॅ, म्हणजे 150 ची दोन पेन. आठवडा 0, 1, 2, 3, 4 आणि मग दर महिन्याला. चट्टे गेले की ‘आता दोन महिन्यांनी घेतलं तरी चालेल’ सुरू होतं. नाही चालत. स्कल्प्चर चाचणीत नेमकं हेच तपासलं: एका गटाला दर 4 आठवड्यांनी, दुसऱ्याला चट्टे उलटल्यावरच. वर्षअखेर दुसरा गट मागे पडला. नियमित घेणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश पाचव्या वर्षीही पासी 90 वर, म्हणजे पासी हा आजाराचा गुणांक सुरुवातीपेक्षा 90 टक्के उतरलेला.

गणिती: पाचव्या वर्षापर्यंत उरले कोण, ते बघा की! 12व्या आठवड्याला गुण आलेल्यांनाच त्या तुलनेत घेतलं होतं. आणि अंतर वाढवणं सरसकट चूक कसं? गुसेल्कुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनाच्या गाइड चाचणीत 20व्या आणि 28व्या आठवड्याला पूर्ण स्वच्छ असलेल्यांना 8 ऐवजी 16 आठवड्यांवर नेलं. 68व्या आठवड्याला त्यातल्या 91.9 टक्क्यांचा पासी गुणांक 3 च्या खाली, म्हणजे आजार जवळपास नाहीच. 8 आठवडेवाल्यांत 92.6.

लाल_चट्टा: गुसेल्कुमॅब आयएल-23 अडवतं, सेक्युकिनुमॅब आयएल-17ए; दाह पेटवणारी ही दोन वेगळी प्रथिनं. तिथला निकाल इथे चिकटवू नका.

छातीचा_एक्सरे: अंतरावरून भांडताय, पण आपल्याकडे खरी धास्ती क्षयाची. अ‍ॅडॅलिमुमॅब या आणखी एका इंजेक्शनाचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं रूप, 2014 पासून भारतात बनतं, त्यामुळे परवडणाऱ्यांत त्याचं नाव आधी येतं. क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतं ते शरीरातलं टीएनएफ हे प्रथिन; हे औषध त्यालाच अडवतं आणि सुप्त क्षय उठतो. आधी एक्स-रे आणि इग्रा (रक्ताची) किंवा मान्टू (त्वचेची) चाचणी. सुप्त क्षय निघाला तर प्रतिबंधक गोळ्या किमान महिनाभर आधी सुरू, आणि इंजेक्शन चालू झालं म्हणून त्या सोडायच्या नाहीत. आयएल-17ए अडवणाऱ्या औषधांत ही भीती बरीच कमी. तिथे तोंडातला कॅन्डिडा (बुरशी) बघा, आणि क्रोन्स हा आतड्यांचा आजार असेल तर ते औषध नकोच.

शीतकपाट: ‘औषध बोथट झालं’ म्हणण्याआधी पेन कुठे ठेवलं होतं ते विचारा. 2 ते 8 अंश, दारात नाही, बर्फाच्या कप्प्याला टेकून तर नाहीच. गोठलं की फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. हलवू नका. टोचताना बेंबीपासून 5 सेंमी लांब, चट्ट्यावर नको, दुसरं पेन वेगळ्या जागी.

गणिती: आणि पैसे? न परवडणाऱ्याचं अंतर वाढणारच. मग तसं फाइलीत लिहा, दर भेटीला पासी मोजा.

लाल_चट्टा: मोजा, पण पुरेसे दिवस मोजा. सेक्युकिनुमॅब पूर्ण थांबवलेल्यांतही निम्म्यांचा आजार उलटायला सुमारे 28 आठवडे लागले होते. दोन महिन्यांनी अंग स्वच्छ दिसलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही.