सोनकीवरचा कोळी टिपायचाय, लेन्सबद्दल सल्ला हवा

रानवाटा:
नमस्कार मंडळी. रविवारी सिंहगड चढताना सोनकी नुसती फुटून आली होती. एका फुलावरची मधमाशी हलेना म्हणून वाकून पाहिलं, तर पाकळ्यांतल्या पिवळ्या खेकडा कोळ्याने तिची मान धरलेली! मोबाइलवर फोटो काढला, आला फक्त पिवळा डाग. घरी कॅननचा जुना डीएसएलआर आणि ५५-२५० लेन्स आहे. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स परवडणार नाही. काय करू? आणि शनिवारी कासला जावं का?

गवतफूल:
रेनॉक्स डीसीआर-२५० हे जोडभिंग घ्या. तुमच्या लेन्सच्या तोंडाला चिमट्यासारखं बसतं. २५० वर झूम केलंत की कोळ्याचे डोळेसुद्धा मोजता येतील. मात्र फुलापासून साधारण १२ सेंमीवरच फोकस होतो. म्हणून ऑटोफोकस बंद, कोपरं गुडघ्यावर टेकवायची आणि श्वास रोखून आपणच केसभर पुढेमागे व्हायचं. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११ ठेवा, फ्लॅशवर बटर पेपर चिकटवा. वाऱ्याने फूल डोलत असलं तरी फ्लॅशमुळे फोटो हलत नाही. फुलपाखरं बुजतात, त्यांच्यासाठी त्याच कंपनीचं डीसीआर-१५० बरं, थोडं लांबून जमतं.

सडेकरी:
ताई, कासला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, आधी बुकिंग करा. सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, मातीचा थर अगदी पातळ. तिथे पालथं झोपून दवबिंदू या किडे खाणाऱ्या रोपाचा फोटो काढणारे बघितले की जीव कळवळतो, पोटाखाली किती रोपं चिरडतात! दवबिंदू वाटेच्या कडेलाही सापडतो. तांबड्या केसांच्या टोकाला डिंकाचा थेंब, त्यात चिकटलेलं चिलट, आणि आजूबाजूचे केस त्याच्यावर हळूहळू वाकत आलेले. सीतेची आसवं ही रोपंही किडे खातात, पण त्यांचे किडे पकडणारे फुगे जमिनीत, फोटोत फक्त जांभळं फूल येतं.
खरं सांगू? तुमच्या कोळ्यासाठी कास नकोच. पुन्हा सिंहगडच गाठा, उजाडताना. गारव्याने किडे सुस्त असतात.

रानवाटा:
दोघांचे मनापासून आभार. रेनॉक्स मागवली, शनिवारी सहाला पायथ्याशी असेन. पण कोळी फुलाखाली दडला तर? देठ जरा वाकवू का?

सडेकरी:
अजिबात नको, माशी सुटेल आणि त्याची शिकार जाईल. तुमची सावली पडली की तो खाली सरकतो. उन्हाच्या आड येऊ नका, कॅमेरा लावून गप्प बसा. बहुतेक वेळा आपसूक वर येतो.