मदत हवी आहे: बेसबॉलमध्ये पिचिंग आणि कॅचिंग दोन्ही करणाऱ्या मुलाचा हात कसा सांभाळावा?

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. माझा मुलगा १२ वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघात आहे. चेंडू जोरात टाकतो म्हणून पिचर, आणि दुसरं कुणी फलंदाजाच्या मागे मास्क घालून बसायला तयार नाही म्हणून कॅचरही तोच. परवा सामन्यानंतर दप्तर नेहमीच्या उजव्याऐवजी डाव्या खांद्यावर घेतलं. विचारलं तर म्हणाला, काही नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दाबलं की मात्र तोंड वाकडं करतो. उद्या डॉक्टरांना दाखवणार आहेच.

या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, ताण तिथेच येतो. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' नियमांत ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (म्हणजे फलंदाजाला टाकलेले चेंडू), आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस विश्रांती. लिटल लीगमध्ये (तिथली लहान मुलांची बेसबॉल संघटना) ४१ पिच टाकले की त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही. कारण उघड आहे: कॅचर जवळजवळ प्रत्येक चेंडू परत फेकतो, वर धावणाऱ्याला बाद करायला सेकंड बेसकडे लांब थ्रो. ते कुणी मोजतच नाही!

आमचे सर मनापासून शिकवतात, पण पोरं मोजकीच. त्यांना न दुखावता हे कसं सांगू? पिचिंग नसेल त्या दिवशी फर्स्ट बेसला, जिथे फेकणं कमी, उभं केलं तर चालेल का? कॅचिंगचे थ्रो तुम्ही कसे मोजता? कोल्हापूर-सांगलीकडे लहान खेळाडूंचा खांदा-कोपर बघणारे चांगले फिजिओ माहीत असतील तर जरूर कळवा.