सरकारी खरेदीत 'सगळ्यात स्वस्त' म्हणजे नक्की कशात स्वस्त?

कृष्णाकाठ
आमच्या ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कपाटामागं एक खताचं पोतं ठेवलंय. त्यात २३ एलईडी दिवे आहेत, सगळे गेलेले. मे महिन्यात ६४ पोलवर नवे बसवले होते, तीन कोटेशन मागवली, कमी दर ज्याचा त्याला ऑर्डर, कागद एकदम व्यवस्थित, आणि गणपतीपर्यंत २३ गेले. मी सदस्य आहे त्यामुळं लोक मलाच धरतात. एक उघडून बघितला तर आत पाणी साचलेलं, कडेला रबराचं पॅकिंगच नाही, आणि आमच्याकडं व्होल्टेज जसं वरखाली होतं ते सोसायचं सर्किटही नाही. आता पोलवर चढायला वायरमन परत बोलवायचा, नवे दिवे परत घ्यायचे, आणि ही २३ नगांची रास कुठं टाकायची ते कुणालाच माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सरकारी खरेदीत आपण फक्त बिलावरचा आकडा बघतो. वीज किती खाणार, किती वर्ष टिकणार, मेल्यावर त्याचं काय करायचं, बनवणाऱ्याला आणि बसवणाऱ्याला पूर्ण मजुरी मिळाली का, यातलं काहीच तुलनेच्या तक्त्यात नसतं. नळपाणी योजनेचा पंप घ्या. साडेसात एचपीचा पंप रोज ८ तास चालला तर दिवसाला ४५ युनिट, वर्षाला १६ हजारांवर. तिथं पंपाच्या किमतीत चार-पाच हजार वाचवून काय मिळवलं?

आणि सरकारनं ठरवलं तर बाजारच बदलतो हो. उजाला योजनेत बल्बची खरेदी एकगठ्ठा केली तर जो एलईडी बल्ब २०१४ ला ३१० रुपयाला घेतला जात होता तो २०१६ ला ३८ रुपयांवर आला. चांगली वस्तू महागच असते हे खरं नाही.

लेखाशीर्ष
तुमची तळमळ समजते. मी ३१ वर्षं हिशेब तपासणीत काढली, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. एल-१ म्हणजे सर्वात कमी दर, हा नियम कुणाला आवडतो म्हणून नाही, चोरी रोखायला आहे. दर हा एकच आकडा असा आहे की ज्यावर वाद घालता येत नाही. 'पर्यावरणपूरक', 'सामाजिक' असे शब्द निविदेत आले की कोण ठरवणार किती पूरक? ज्याला काम द्यायचं त्याच्याच कॅटलॉगमधून स्पेसिफिकेशन उतरवलेल्या फायली मी स्वतः बघितल्यात. अर्थ मंत्रालयानं २०२१ मध्ये कामं आणि सेवांसाठी गुणवत्तेला मार्क द्यायला परवानगी दिली तीसुद्धा जास्तीत जास्त ३० टक्के, ते उगाच नाही. आणि तुमच्या दिव्यांत चूक एल-१ ची नाही, कोटेशन मागवताना 'पाणी शिरू नये' हे लिहिलंच नव्हतं त्याची आहे.

लेथमशीन
काकांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत पण पुढचं माझं ऐका. वाळूजला छोटं युनिट आहे, लोखंडी फर्निचर करतो. कागदावर आमच्यासाठी भरपूर आहे, केंद्राच्या खात्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्यात ४ टक्के एससी-एसटी आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून, इसारा रक्कम (टेंडर भरताना ठेवायची अनामत) माफ. सगळं चांगलंय. पण आता प्रत्येक जण हिरवं सर्टिफिकेट मागायला लागला तर मोठी कंपनी ते सहज आणेल आणि आम्ही दारातच अडकू. त्याहून मोठं दुखणं पैशाचं. कायद्यात बिल चुकवायला ४५ दिवस आहेत, मी एका ऑफिसला बेंच दिले त्याचं बिल नऊ महिन्यांनी निघालं, तोवर पत्र्याच्या व्यापाऱ्याला व्याज मी देत होतो. असं होणार हे माहीत असलं की पुढच्या वेळी माणूस आधीच पातळ पत्रा लावतो, खोटं कशाला बोलू, सगळेच लावतात. टिकाऊ माल पाहिजे तर आधी बिलं वेळेवर काढा.

पावसाळी छत्री
दिवे, पंप, पत्रा झालं, माणसांचं कोण बोलणार? सफाई, सिक्युरिटी, डेटा एन्ट्री, ही सगळी कामं टेंडरनं जातात आणि ठेकेदार वीस-वीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा कमी दर भरतात. ज्या कामात ऐंशी-नव्वद टक्के खर्च मजुरीचाच आहे तिथं वीस टक्के बिलो कुठून येतात? किमान वेतनातून आणि पीएफमधून. ठेकेदारानं पगार बुडवला तर काम देणाऱ्या मूळ मालकाने द्यायचा असं १९७० च्या ठेका कामगार कायद्यात लिहिलं होतं, त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही आहे, म्हणजे शेवटी भुर्दंड महापालिकेलाच. दुसरी पद्धतही आहे. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेते. आमच्याकडे येणाऱ्या ताई आमच्याच जिन्यात बसून दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, काच वेगळं काढतात आणि ते विकून त्यांचं घर चालतं, तेवढा कचरा डेपोवर जातच नाही. हे कुठल्या एल-१ मध्ये बसवणार?

खडूफळा
मी शिक्षिका आहे आणि मला 'सामाजिक खरेदी' म्हटलं की थोडी भीतीच वाटते. २०२४-२५ ला राज्यभर एक गणवेश ठरला, कापड वरून एकत्र घेतलं आणि शिलाई महिला बचत गटांना. हेतूला नाव ठेवायला जागा नाही. पण शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस झाले तरी अनेक ठिकाणी मुलं जुन्याच कपड्यात, मापं चुकलेली, आणि डिसेंबर २०२४ ला निर्णय फिरवून खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. बोलणी मात्र शिवणाऱ्या बायकांनी खाल्ली.

कृष्णाकाठ
ताई, तुमचा मुद्दा लागला, पण तो बचत गटांविरुद्ध जात नाही. आधी समितीच गावातल्या नाहीतर बाजारच्या टेलरकडून शिवून घ्यायची, माप चुकलं तर पोरगं दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन त्याच्या दारात. ते अंतर वाढवलं तिथं घोळ झाला.

काका, तुमचंही पटतंय, मग एल-१ ठेवूया की, पण कशाचा एल-१ ते बदलूया. केंद्राच्या कंपनीनं २०२२ ला पाच शहरांसाठी ५४५० इलेक्ट्रिक बसचं टेंडर काढलं त्यात बसची किंमत नाही, किलोमीटरचा दर मागितला. बस चालली तर पैसे, बंद पडली तर नाहीत. दर कमीत कमीच, तुमच्या ऑडिटलाही हरकत नाही.

खिडकीची सीट
भाऊ, किलोमीटरच्या दराची दुसरी बाजू मुंबईत बघा. ऑगस्ट २०२३ ला बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसचे ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले, लोक स्टॉपवर तासतासभर उभे. दर खाली आणायला शेवटी ड्रायव्हरच सापडतो. किलोमीटरचा दर मागायचा तर पगाराचा आकडा आधीच बाहेर काढून ठेवा, त्यावर बोलीच लावू देऊ नका.

लेखाशीर्ष
हे मात्र मला मान्य आहे. मजुरी स्थिर धरायची, बोली फक्त उरलेल्या रकमेवर. तपासायलाही सोपं, बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफचं चलन दोनच कागद. पण कृष्णाकाठ, तुमच्या ६४ पोलवर दिवा किती टिकला ही नोंद कोण ठेवणार? नोंद नसेल तर ऑडिटला काही दिसणार नाही.

कृष्णाकाठ
शिपाई ठेवेल, रोज संध्याकाळी बटण तोच दाबतो. पोलना नंबर टाकलेत, वही केलीय. पुढच्या मासिक सभेत ठेवायला मसुदा लिहिलाय: पावसात पाणी शिरणार नाही, तीन वर्षांची हमी, गेलेला दिवा सात दिवसांत बदलून जुना परत न्यायचा, नाहीतर अनामतीतून कापणार, आणि बिल ४५ दिवसांच्या आत. शेवटचं कलम लेथमशीन भाऊंच्यामुळं घातलं. काका, मसुदा तुम्हाला पाठवतो, लाल पेननं तपासून द्या.