दुसऱ्या शिफ्ट रजिस्टरचे दिवे एक घर सरकतात, मदत हवी आहे

मंडळी, गड्ड्याच्या जत्रेआधी सोलापुरात घराच्या दारावर १६ एलईडींची पळती माळ लावायचीय. आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) ७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टरच्या, म्हणजे एकेक बिट आत घेऊन ८ दिवे चालवणाऱ्या, दोन चिप जोडल्यात. पहिलीच्या पिन ९ मधून बाहेर पडणारा बिट दुसरीच्या १४ मध्ये जातो. पिन ११ चा क्लॉक (बिट एक घर सरकवणारा ठोका) आणि १२ चा लॅच (सरकलेले बिट दिव्यांवर आणणारा) दोघींना सामाईक.

आधी नुसता हात जवळ नेला तरी दिवे विझायचे. पिन १० (रजिस्टर पुसणारी रीसेट) कशालाच न जोडता लोंबकळत होती! ५ व्होल्टला जोडली, थांबलं. तीन संध्याकाळी गेल्या त्यात.

आता पहिले ८ चोख, पण दुसरीचे दिवे मधूनच एक घर पुढे सरकतात. म्हणजे तिला क्लॉकचा एखादा ठोका जास्त मिळतोय ना? दोन चिपमधली क्लॉकची वायर दोन फूट आहे आणि चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावलेलेच नाहीत. आधी कपॅसिटर लावू की वायर आखूड करू?