जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांनी जर्मनीत पुन्हा तीन वर्षं का घालवायची?

नर्स व्हायचंय तर 'जर्मनीत शिक्षण फुकट, वर पगार, तिकडेच जा' असा सल्ला या चर्चेत दोघा-तिघांनी दिलाय. नुकत्याच बारावी झालेल्या मुलीसाठी ते ठीक आहे. पण जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनाही एजंट त्याच तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगच्या, म्हणजे पगारी प्रशिक्षणाच्या, रांगेत उभं करतात, ते मला पटत नाही. त्यांना आपल्या शिक्षणाची मान्यता मागता येते. तिथलं प्राधिकरण थिअरीचे आणि वॉर्डचे तास तपासतं, काय कमी पडलं ते लेखी कळवतं. मग परीक्षा द्या, नाहीतर तिथे राहून पूर्तता करा. जर्मन भाषेची बी-२ पातळी मात्र चुकत नाही. माझ्या वहिनीचं घोडं भाषेवर नाही, कागदावर अडलं. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर नुसते गुण, तासांचा पत्ताच नाही. चार महिने हेलपाटे. क्लार्कचं ठरलेलं, 'मॅडम, सोमवारी या ना.' तेव्हा तासांचा कागद आधी काढा, जर्मनचा क्लास मग लावा.

आणि कामाबद्दल कोणीच बोललं नाही. वहिनी इथे नागपुरात धंतोलीत आयसीयूत होती. सलाईनची सुई एका झटक्यात लावायची, अंग पुसायला मावशी असायच्या. तिकडे आंघोळ, भरवणं, डायपर सगळं नर्सकडेच, आणि सुई बहुतेक वेळा डॉक्टर लावतात. पहिल्या महिन्यात फोनवर रडायची, 'याच्यासाठी शिकले का मी?' आता एका आजोबांची रोज दाढी करून देते. म्हणते, क्लासपेक्षा जास्त जर्मन त्यांनीच शिकवलं, शिव्यांसकट.