पाणथळीच्या काठाकडेही बघा
माळावरचं नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप, खालच्या पाणथळीत आपोआप संपतं, असं म्हणतात. ते खरं, पण अर्धंच. हवेशीर मातीत जिवाणू अमोनियमचं (नायट्रोजनच्याच दुसऱ्या रूपाचं) नायट्रेट करतात. ऋण विद्युतभारामुळे नायट्रेट चिकणमातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर उतरतं. खाली पाणथळीच्या चिखलात ऑक्सिजन नसल्यानं जिवाणू श्वसनासाठी तेच वापरतात आणि नायट्रोजन हवेत परततो. मात्र ही क्रिया अर्धवट राहिली की नायट्रस ऑक्साइड हा वायू सुटतो, १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा! म्हणून पाणी जिथे चढतं-उतरतं आणि ऑक्सिजन कधी असतो, कधी नसतो, तो काठाचा पट्टा मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथलं लव्हाळं उपटलं तर मुळांवर बऱ्याचदा गंजासारखा तांबूस थर दिसतो. मुळांतून झिरपलेल्या ऑक्सिजनची ती खूण. तिथे नायट्रेट बनतं आणि काही मिलिमीटरवर संपतंही. मोजणी करणार असाल तर सुरुवात याच पट्ट्यापासून करा.