गव्यांच्या कळपावर ड्रोन: उंची किती ठेवायची?

रानवाट_खानापूर
जांबोटी-कणकुंबीकडं गवे रानातून शिवारात उतरतात. कळपात चरणारे किती, मान वर करून सावध उभे किती, दोन जनावरांत अंतर किती, हे ड्रोनच्या व्हिडिओवरून योलो (चित्रातल्या वस्तू ओळखणारं एआय मॉडेल) वापरून मोजायचं आहे. सेन्सर 17.3 मिमी रुंद, लेन्स 12.3 मिमी, व्हिडिओ 4के. 640 × 512 चा थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेराही मिळेल.

पिक्सेलपंत
आधी पिक्सेल मोजा. 80 मीटरवरून फ्रेममध्ये साधारण 112 मीटर रुंदी मावते, म्हणजे पिक्सेलला 3 सेमी. अडीच मीटरचा गवा 80-85 पिक्सेलचा. ओळखायला आणि माग ठेवायला भरपूर. थर्मलचा पिक्सेल 12 मायक्रॉनचा आणि लेन्स 9 मिमीची धरली तर तोच गवा 23-24 पिक्सेलचा ठिपका. मोजणीला ठीक, मान वर की खाली हे विसरा.

थर्मल पहाटेच उडवा. संध्याकाळी तापलेला जांभा गव्यासारखाच चमकतो. आणि पानांआडचं थर्मललाही दिसत नाही, तेव्हा उघड्यावर दिसलेली संख्या कळपाची म्हणून लिहू नका.

अंतर मोजायला कॅमेरा सरळ खाली हवा. मान बघायला 45 अंशांच्या आसपास तिरका. एकाच उड्डाणात दोन्ही साधायला गेलात तर धड एकही होत नाही.

शिवारातला_पायलट
भीमगड अभयारण्याच्या हद्दीत उडवायचं तर मुख्य वन्यजीव संरक्षकांची लेखी परवानगी आधी. बाहेरही डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा बघा. ग्रीन झोनमध्ये (उडवायला पूर्वपरवानगी लागत नाही तिथं) उंचीची मर्यादा 120 मीटर.

उड्डाण कळपापासून दोन-तीनशे मीटर लांबून करा, उंची तिथंच गाठा, मग आडवे या. डोक्यावर खाली उतरू नका. चरणं थांबून माना वर झाल्या तर तुम्ही ड्रोनची भीती मोजताय, गव्याची सावधगिरी नव्हे! सुरुवातीची काही मिनिटं हिशोबातून वगळा आणि जमिनीवर दुर्बीण घेतलेला एक माणूस ठेवा.

लेबलवाली
खरी अडचण म्हशी. वरून गव्याचे पांढरे पाय दिसत नाहीत, काळी पाठ तेवढी दिसते. म्हशींचं फुटेज मुद्दाम घ्या आणि त्यांना वेगळा वर्ग द्या, नाहीतर मॉडेल गावातली सगळी गोठाणं गव्यांत धरेल.

लेबलला, म्हणजे फ्रेममधल्या जनावरांवर वर्गाची खूण करायला, सेकंदाला एक फ्रेम पुरे, शेजारच्या फ्रेम सारख्याच असतात. एकाच उड्डाणाच्या फ्रेम प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हीकडं वाटू नका. आकडे खोटे चांगले येतात. माग काढताना मात्र पूर्ण फ्रेमरेट ठेवा. दोन गवे अंग घासून गेले की बाइटट्रॅक (प्रत्येक जनावराला क्रमांक देऊन माग ठेवणारा प्रोग्राम) क्रमांकांची अदलाबदल करतो, ते तुकडे हातानंच तपासावे लागतात.

रानवाट_खानापूर
म्हणजे अंतरासाठी आणि मानेसाठी वेगळी उड्डाणं. वारा असेल तर?

पिक्सेलपंत
ड्रोन हलला की उभा गवाही चालतोय असं दिसतं. बांध, दगड, झाडाचे बुंधे असे स्थिर बिंदू धरून प्रत्येक फ्रेम पहिल्या फ्रेमवर बसवा, मगच वेग काढा. पिकाच्या शेंड्यांवर बिंदू धरू नका, ते वाऱ्यानं डोलतात.